बाळाचा एक्झिमा आणि ॲलर्जी: नाशिकच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या मुलीला तान्ही असल्यापासून एक्झिमा आहे, त्यामुळे सोसायटीतल्या, प्लेग्रुपच्या, नात्यातल्या आया मला फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात आणि थंडी सुरू झाली की फोन वाढतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. जे लिहिलंय ते स्किनच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं आहे. वेळ नसेल तर एवढंच वाचा: त्वचा चांगली दिसत असली तरी रोज भरपूर मॉइश्चरायझर, आणि भडकलं की डॉक्टरांनी दिलेलं मलम न घाबरता पुरेसं लावायचं. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींनंतर येतं.

हा एक्झिमाच आहे हे कसं ओळखायचं? नायटा किंवा पित्त असेल तर?

तान्ह्या बाळाला बहुतेक वेळा गालांपासून सुरू होतं, मग कपाळ, डोकं, हातापायांची बाहेरची बाजू. लंगोटाच्या जागी सहसा नसतं, ही चांगली खूण आहे. मूल मोठं झालं की जागा बदलतात, कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यामागे, मनगट, घोटे, मान. कातडी कोरडी, खरखरीत, आणि खाज प्रचंड. आपल्या सावळ्या मुलांमध्ये लाली पटकन दिसत नाही, डाग काळपट किंवा राखाडी दिसतो नाहीतर बारीक पुरळ हाताला लागते, त्यामुळे "लाल तर नाहीये" म्हणून सोडून देऊ नका.

नायटा म्हणजे बुरशी, तो गोल असतो, कडा उठलेली आणि मध्ये साफ. पित्ताच्या गांध्या काही तासांत विरतात आणि दुसरीकडे उठतात. आणि घरात दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर खरूज आहे का ते आधी बघून घ्या. ह्या चारही गोष्टींची औषधं वेगळी आहेत, एकाचं दुसऱ्याला लावलं तर बिघडतं, म्हणून पहिल्यांदा तरी डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच हवं, फोटोवरून नको.

आमच्या घरात कोणालाच नाही, मग बाळाला कसा झाला?

आजीआजोबा, काका, मावशी ह्यांच्यात दमा, सतत शिंका, डोळे खाजणं असं काही आहे का विचारून बघा, बऱ्याचदा निघतं. एक्झिमा, ॲलर्जीची सर्दी आणि दमा एकाच घराण्यातले आजार आहेत. काही मुलांच्या त्वचेत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन जन्मतःच कमी बनतं, त्यामुळे त्वचा गिलावा उडालेल्या भिंतीसारखी होते, आतला ओलावा बाहेर निघून जातो आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. मग शरीर त्याच्याशी भांडायला लागतं, तीच सूज आणि तीच खाज.

रक्त खराब असणं, "अंगात उष्णता", गरोदरपणात आईने वांगं खाल्लं किंवा आंबा खाल्ला, ह्यातलं काहीही कारण नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण बाळाचे गाल फाटले की पहिलं बोट आईकडे जातं, आणि रात्रभर बाळाला घेऊन बसलेल्या बाईला हे ऐकावं लागतं. कृपा करून हा भाग सासूबाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना वाचायला द्या.

मुंबईहून नाशिकला आल्यापासून वाढलंय. इथल्या हवेमुळे का?

हवेचा संबंध नक्की आहे. मुंबईची हवा दमट, आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत कोरडी थंडी, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातम्यांमध्ये असतो. कोरड्या थंड हवेत त्वचेतलं पाणी भराभर उडतं. त्यामुळे थंडीत मॉइश्चरायझर वाढवायचं, दिवाळी झाली की लगेच, चट्टे दिसायची वाट बघायची नाही. एप्रिल-मेमध्ये उलट, घामाने खाज सुटते, तेव्हा पातळ सुती कपडे, घाम आला की साध्या पाण्याने पुसून परत क्रीम. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, बुरशी धरते, गाद्या-गोधड्या दमट राहतात आणि त्यात धुळीतले बारीक किडे वाढतात. गोधड्या उन्हात घालणं ही आपली जुनी पद्धत छानच आहे, पण झटकताना बाळ तिथे नको.

बोअरच्या पाण्याबद्दल सगळे विचारतात. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या भागात एक्झिमा थोडा जास्त दिसतो हे खरं आहे, जड पाण्यात साबण नीट निघत नाही आणि तो अंगावर राहतो. पण म्हणून हजारो रुपयांचा सॉफ्टनर बसवायला धावू नका, इंग्लंडमध्ये मुलांवर मोठी चाचणी झाली होती, २०११ मध्ये तिचा निकाल आला, आणि सॉफ्टनरमुळे एक्झिमात काही फरक पडला नाही. ते पैसे क्रीमवर घाला. कपडे धुताना मात्र पावडर कमी आणि पाण्यातून एकदा जास्त काढा.

अंघोळ रोज घालायची का? मावशी डाळीचं पीठ लावतात आणि धुरी देतात.

रोज घाला, पण ५ ते १० मिनिटं आणि पाणी कोमट. आपल्या कोपराला जेमतेम ऊन लागेल इतकंच. बाळ-बाळंतिणीच्या मावशी कढत पाणी घेतात, बाळ लालबुंद होतं आणि मग शांत झोपतं म्हणून सगळ्यांना बरं वाटतं, पण एक्झिमाच्या बाळाला कढत पाणी म्हणजे राहिलासाहिला ओलावा पण गेला. पीठ नको, रगडणं नको, पंचाने घासून पुसणं नको, अँटिसेप्टिकचं झाकण पाण्यात नको. बिनवासाचा सौम्य क्लींझर, तोही काखा, मान, लंगोटाची जागा एवढ्यालाच. ओवा-धुपाची धुरी पूर्ण बंद, त्या धुराने त्वचेला पण त्रास होतो आणि छातीला पण. मावशींना हे सांगताना जड जातं, त्या मायेनेच करतात, तेव्हा "डॉक्टरांनी बंद केलंय" असं डॉक्टरांच्या नावावर सांगा, वाद होत नाही.

आणि अंघोळीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे अंघोळीनंतरची तीन मिनिटं. टॉवेलने नुसतं टिपायचं, अंग थोडं ओलसरच ठेवायचं आणि त्यावर लगेच मॉइश्चरायझर. आधी कपडे, पावडर, काजळ आणि मग आठवलं तर क्रीम, असा क्रम असेल तर अर्धा फायदा गेला. पावडर तर नकोच.

मॉइश्चरायझर कोणतं आणि किती लावायचं?

घट्ट, बिनवासाचं. लोशन पातळ असतं, त्यात पाणी जास्त, ते पुरत नाही, क्रीम किंवा मलमासारखं घ्या. महाग हवंच असं अजिबात नाही, साधी पांढरी पेट्रोलियम जेली चांगलं काम करते. डबीवर "हर्बल", "नॅचरल", "बेबी" लिहिलंय म्हणून घेऊ नका, मागे लिहिलेलं बघा, वास टाकलेला असेल तर परत ठेवा.

किती, ह्यात सगळे चुकतात. दिवसातून निदान दोनदा, थंडीत तीन-चारदा, संपूर्ण अंगाला, नुसतं चट्ट्यांवर नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या सल्ल्यात मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम म्हटलंय. ऐकून दचकायला होतं कारण आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतो. म्हणूनच म्हणते स्वस्त आणि मोठा डबा घ्या. लावताना चोळायचं नाही, केस ज्या दिशेने आहेत त्या दिशेने वरून खाली पसरवत जायचं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ कोरड्या चमच्याने वाटीत काढून घ्या, नाहीतर जंतू डब्यात जातात. आमच्याकडे उन्हाळ्यात डबा फ्रीजच्या दारात असतो, गार क्रीम लागलं की पोरगी स्वतःच पाय पुढे करते.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. मेणाचं, पेट्रोलियम जेलीचं मलम कपड्यांत, चादरीत मुरतं आणि असा कपडा आगीजवळ गेला तर भराभर पेटतो. देवघरातली समई, गॅस, दिवाळीच्या पणत्या, फुलबाज्या ह्यांच्यापासून बाळ लांब ठेवा.

तेलाने मालिश चालेल का?

मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नको, दोन्हींनी त्वचेचा थर अजून कमजोर होतो. खोबरेल चालतं, व्हर्जिन असेल तर चांगलं, पण क्रीमच्या ऐवजी नाही. बदाम तेल आणि घाण्याचं शेंगदाणा तेल फाटलेल्या कातडीवर अजिबात लावू नका, कारण जो पदार्थ पोटाऐवजी आधी फाटक्या त्वचेतून शरीरात जातो त्याची ॲलर्जी तयार व्हायची शक्यता वाढते. भडकलेल्या दिवसांत मालिश बंदच ठेवा.

स्टेरॉइडचं मलम दिलंय. लहान बाळाला स्टेरॉइड?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि ह्याच भीतीने सगळ्यात जास्त मुलं विनाकारण त्रास सोसतात. ट्यूब घरात असते, आई एवढंसं टिपूस बोटावर घेऊन दोन दिवस लावते, थोडं कमी झालं की घाबरून बंद करते, आठवड्यात परत उसळतं, आणि मग "स्टेरॉइडची सवय लागली" म्हणतात. सवय नाही लागलेली, उपचार अर्धाच झालाय.

स्टेरॉइड एकच नसतं. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन अगदी सौम्य, क्लोबेटासोल अतिशय स्ट्राँग, मध्ये पायऱ्या आहेत. चेहऱ्याला, मानेला, सांध्यांच्या घडीत सौम्य देतात, हातापायांना गरज पडली तर एक पायरी वरचं. कातडी पातळ होणं वगैरे दुष्परिणाम खरे आहेत, पण ते स्ट्राँग मलम, चुकीच्या जागी, महिनोन्महिने लावल्यावर. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस, ह्यात तो धोका फारच कमी आहे. उलट न लावता रात्रभर खाजवून जखमा झाल्या, पू झाला, झोप गेली, ह्याचं नुकसान जास्त.

मापासाठी सोपी युक्ती आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाकडच्या पेराच्या घडीपासून टोकापर्यंत ट्यूबमधून रेघ काढा, ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाचे दोन तळवे बोटांसकट ठेवले तर झाकतील एवढ्या जागेला ती पुरते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या चेहरा-मानेला मिळून साधारण एक रेघ, एका पूर्ण पायाला दीड. त्वचा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत लावायचं, नुसती लाली गेली म्हणून थांबायचं नाही, आणि थांबवायचं कसं ते डॉक्टरांना विचारायचं. ज्यांचं परत परत त्याच जागी येतं त्यांना डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस त्या जागी लावत राहायला सांगतात, त्याने उसळणं खरंच कमी होतं. मॉइश्चरायझर आणि हे मलम ह्यांच्यात पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. दोन वर्षांच्या पुढच्या मुलांना टॅक्रोलिमस ०.०३ टक्के असा बिनस्टेरॉइडचा पर्याय पण आहे, चेहऱ्यासाठी उपयोगी, सुरुवातीला थोडं चुरचुरतं.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत छान झालं. तीच चालू ठेवू?

नको. पाठीमागची नावं वाचा. स्ट्राँग स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेल्या ट्यूबा आपल्याकडे सर्रास विकल्या जातात, त्या लावल्या की काहीही असो दोन दिवसांत बरं वाटतं. नायटा असेल तर तो आतून पसरत जातो आणि मग डॉक्टरांनाही ओळखू येत नाही. बाळाच्या गालावर तर अशी ट्यूब चुकूनही नको. अशी मलमं कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात.

रात्री खाजवून रक्त काढतो, कोणीच झोपत नाही. काय करू?

"खाजवू नको" म्हणून काही होत नाही, त्याला ते थांबवता येतच नाही. नखं दर दोन-तीन दिवसांनी कापून घासून ठेवा. झोपायच्या आधी कोमट अंघोळ, मलम, क्रीम आणि वर सुती पूर्ण बाह्यांचे कपडे. पांघरूण हलकं ठेवा, थंडीत आपण स्वेटर, टोपडं, दुलई सगळं घालतो आणि बाळ आत घामाघूम होऊन खाजवतं, लोकरीचं तर थेट अंगाला लागू देऊ नका. मध्यरात्री उठलाच तर गार पाण्यात भिजवून पिळलेला मऊ सुती रुमाल चट्ट्यावर ठेवा, मग परत क्रीम.

खूपच भडकलं असेल तर ओल्या कपड्यांचा उपाय असतो, क्रीमवर ओलसर सुती कपडा आणि त्यावर कोरडा, पण तो पहिल्यांदा डॉक्टरांकडून शिकून घ्या, पू झाला असेल तेव्हा आणि कडाक्याच्या थंडीत स्वतःच्या मनाने नको. ॲलर्जीच्या गोड सिरपने एक्झिमाची खाज फारशी जात नाही, जुन्या सिरपने फक्त गुंगी येते, लहान बाळाला ते विचारल्याशिवाय देऊ नका.

दूध, अंडं, शेंगदाणा, गहू सगळं बंद करू का?

थांबा. बहुतेक मुलांचा एक्झिमा खाण्यामुळे नसतो. काही मुलांना, विशेषतः लहान वयात आणि जास्त त्रास असलेल्यांना, सोबत खाण्याची ॲलर्जी असते हे खरं आहे. पण ती बहुतेक वेळा लगेच कळते, खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांत गांध्या, ओठ सुजणं, उलटी. "परवा पनीर खाल्लं आणि आज गाल लाल" ह्यावरून पनीर बंद करायचं नसतं, एक्झिमा तसाही वर-खाली होत राहतो.

मनाने एक एक पदार्थ काढत गेलं की मुलाचं वजन अडकतं, आणि दुसरा धोका त्याहून मोठा, जो पदार्थ मूल आरामात खात होतं तो महिनोन्महिने बंद ठेवून परत दिला तर कधीकधी खरी, जोरदार ॲलर्जी येते. उलट बाजूचा पुरावा पण भक्कम आहे. २०१५ मध्ये लीप नावाचा अभ्यास आला, त्यात जास्त एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, आणि पाच वर्षांचे होईपर्यंत न खाणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी दिसली. आपल्या घरात कूट रोजचाच, तेव्हा वरचं खाणं सुरू झालं की बारीक कूट पातळ करून देता येतं, अख्खे दाणे मात्र पाच वर्षांपर्यंत नको, घशात अडकतात. एक्झिमा जास्त असेल तर पहिला घास कधी आणि कुठे द्यायचा हे आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

द्राक्षांचं वेगळं आहे. सीझनमध्ये घरोघरी क्रेट येतं, मुलं दिवसभर खातात आणि तोंडाभोवती लाल होतं. ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते, आंबट रस आणि लाळ त्या कोरड्या कातडीला झोंबते, टोमॅटो-संत्र्याचं पण तेच. खायच्या आधी ओठांभोवती पेट्रोलियम जेलीचा थर द्या, नंतर पाण्याने टिपून घ्या. द्राक्षं नीट धुवा आणि लहान मुलांना उभी चिरूनच द्या.

रक्ताची ॲलर्जी टेस्ट करून घेऊ? पन्नास-शंभर गोष्टींचं पॅकेज आहे.

पॅकेज नको. एक्झिमाच्या मुलांचा रिपोर्ट बऱ्याच गोष्टींना पॉझिटिव्ह येतो, पण रिपोर्ट पॉझिटिव्ह म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही, आरामात पचणाऱ्या पदार्थालाही येतो. मग आई घाबरून वीस पदार्थ बंद करते. खाल्ल्यावर खरंच काही झालं असेल तर त्या पदार्थापुरतीच टेस्ट, तीही डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून सांगितलेली.

ताबडतोब दवाखाना कधी?

खाल्ल्यावर, औषधानंतर किंवा मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर श्वास अडकणं, घरघर, आवाज बसणं, जीभ सुजणं, अंगावर गांध्या आणि सोबत लागोपाठ उलट्या, मूल गळून जाणं, ह्यातलं काही दिसलं तर घरात सिरप शोधत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलला पळा. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, तेच जीव वाचवतं. मुलाला आडवं ठेवा, श्वासाचा त्रास असेल तर बसवा, उभं करून चालवू नका.

दुसरं, चट्ट्यातून पाणी, पिवळ्या खपल्या, गरम लागणं, ताप, तर जंतू झालेत, त्याच दिवशी दाखवा. आणि अचानक एकसारखे बारीक फोड, फुटून खोल छिद्रासारखे दिसणारे, दुखणारे, मूल मलूल, तर ती ओठावर तापाचे फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूची लागण असू शकते, रात्र काढू नका. घरात कोणाला ओठावर तापाचे फोड आले असतील तर त्यांनी बाळाचा पापा घेऊ नये.

आयुर्वेदिक, घरगुती काही चालतं का?

कोरफड, कडुलिंबाचा लेप, हळद, आमसुलाचं पाणी, हे धडधाकट कातडीला चालेल पण फाटलेल्या कातडीवर झोंबतं. शतधौत घृत, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप, काही जणांना गार वाटतं, घरी केलेलं असेल तर ओल्या, पाझरणाऱ्या जागी नको आणि मूळ औषध बंद करून नको. लेबल नसलेल्या डबीतलं, "पूर्ण हर्बल, आठ दिवसांत गॅरंटी" असं मलम मात्र घेऊच नका, अशा मलमांमध्ये न सांगता स्ट्राँग स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

रंगपंचमी आणि दिवाळीचं काय?

आपल्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीच जोरात, आणि रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उड्या बघायला सगळं जुनं नाशिक लोटतं. चट्टे उघडे असतील तर त्या वर्षी बाळाला गॅलरीतूनच दाखवा. त्वचा शांत असेल तर आधी अंगभर जाड थर, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, थोडा वेळ साध्या पाण्याने खेळणं, मग लगेच अंघोळ आणि क्रीम, रंग घासून काढायचा नाही. दिवाळीत उटणं बाळाच्या फक्त कपाळाला नावापुरतं टेकवा, अभ्यंगाचा मान क्रीमला द्या. फटाक्यांच्या धुरात खिडक्या बंद.

प्लेग्रुपमध्ये म्हणतात दुसऱ्या मुलांना लागेल.

लागत नाही. एक्झिमा संसर्गाचा नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र आणा आणि टीचरना शांतपणे समजावा, सोबत छोटी क्रीमची डबी पण द्या. मूल ऐकत असतं, त्याच्यासमोर "घाण झालंय अंगाला" असं कोणी बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

लस द्यायची का?

सगळ्या, वेळेवर. अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवर-एमएमआर देतात. सुई फक्त चट्टा नसलेल्या जागी द्यायला सांगा.

पूर्ण जाईल का? आणि कोणाला दाखवू?

बऱ्याच मुलांचा शाळेच्या वयात खूप कमी होतो, काहींचा मोठेपणी पण थोडा राहतो, त्वचा कोरडी तर राहतेच. "मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो ताब्यात ठेवता येतो आणि मूल मजेत वाढतं.

आधी तुमचे बालरोगतज्ज्ञ, आटोक्यात नाही आलं तर त्वचारोगतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल हॉस्पिटल किंवा आडगावचं मेडिकल कॉलेज आहे. जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, मेडिकलवाल्याची आणि शेजारच्या काकूंनी दिलेली पण, पिशवीत घालून घेऊन जा. चट्टे जास्त होते तेव्हाचे फोटो उजेडात काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमकी त्वचा बरी असते. आणि निघायच्या आधी कागदावर लिहून मागा: कोणतं मलम, कुठल्या जागी, किती दिवस, आणि परत आलं तर काय करायचं.